पावसाळा सरतानाची सर्दी : परागज ज्वर आणि आपले अंगण

भाद्रपद उतरला, पावसाने उघडीप दिली, ऊन कडक तापू लागले की आपल्या वस्त्यांतून एक आवाज वाढत जातो. पहाटे नळाला पाणी येण्याच्या वेळेस घराघरांतून शिंकांची माळ सुरू होते. एक शिंक नव्हे, सलग आठ-दहा. मग नाकातून पाण्याची धार, डोळे लाल, टाळूला आणि कानाच्या आतल्या बाजूला खाज. आजी म्हणते, "काल दही खाल्लंस, आता भोग." शेजारच्या काकू म्हणतात, "ह्याचा सर्दीचा कोठाच आहे." औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या येतात आणि मुलगा पुस्तकावरच डोके टेकवून झोपी जातो. असे दिवाळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चालते आणि एके दिवशी आपोआप थांबते. पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा तेच.

ह्या 'त्याच सुमारास पुन्हा' या शब्दांतच रोगाची ओळख आहे. दही, केळी, थंड पाणी यांना पंचांग नसते. गवताला असते. पावसावर वाढलेले गवत आणि तण पावसाळा सरताना फुलोऱ्यावर येते, त्याचे परागकण वाऱ्यावर पसरतात आणि ज्यांच्या शरीराला ते सोसत नाहीत त्यांचे नाक-डोळे वाहू लागतात. पुस्तकी मराठीत यास 'परागज ज्वर' म्हणतात. इंग्रजीतील 'हे फीव्हर' या नावाचा अर्थ 'वाळल्या गवताचा ताप' असा होतो. गंमत अशी की या रोगात ताप येत नाही, आणि वाळलेले गवतही त्यास कारण नसते.

हे नाव पडले इंग्लंडात. जॉन बॉस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी १८१९ साली लंडनमधील डॉक्टरांच्या सभेपुढे एका रुग्णाची हकीकत मांडली. दर उन्हाळ्यात डोळे सुजणे, शिंका, छातीत कोंडणे असा त्रास त्यास लहानपणापासून होता. तो रुग्ण म्हणजे ते स्वतःच. तेथील गवत कापणीचा हंगाम आणि हा त्रास एकाच वेळी येत असल्याने लोकांनी दोष ताज्या कापलेल्या गवताच्या वासाला दिला. खरे कारण दाखविले ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. तेही याच दुखण्याने गांजलेले. त्यांनी निरनिराळ्या वनस्पतींचे पराग स्वतःच्या नाकात घालून पाहिले, कातडीला ओरखडा काढून त्यावर चोळले, चिकट काचपट्ट्या उघड्यावर ठेवून आणि पतंगाला बांधून आकाशात सोडून हवेतील पराग मोजले. १८७३ साली त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आज ॲलर्जी तपासण्यासाठी हातावर सुईने जे ओरखडे काढतात, त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

शरीरात होते काय, तेही थोडक्यात पाहू. परागकण हा काही जंतू नव्हे, विषही नव्हे. दहांपैकी सात-आठ जण तोच वारा घेतात आणि त्यांना काहीच होत नाही. पण काहींचे शरीर या निरुपद्रवी कणाला शत्रू समजते व त्याच्याविरुद्ध 'आय-जी-ई' नावाचे प्रतिद्रव्य तयार करते. हे प्रतिद्रव्य नाकाच्या व डोळ्यांच्या अस्तरातील विशिष्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या हंगामात तोच पराग आला की या पेशी फुटतात आणि हिस्टामिन बाहेर पडते. खाज, शिंका, पाणी ही त्याचीच करणी. काही तासांनी दुसरी लाट येते. त्यात नाक आतून सुजते आणि चोंदते. हंगाम जसजसा पुढे सरकतो तसतसे अस्तर इतके हुळहुळे होते की थोडासा पराग, उदबत्तीचा धूर किंवा फोडणीचा ठसकाही पुरतो. म्हणून बरेच जण म्हणतात, "मला सगळ्याचीच ॲलर्जी आहे." तसे नसते. मूळ कारण एखाददुसरेच असते, बाकीचे सारे त्या जखमेवरचे मीठ.

साधी सर्दी आणि ही सर्दी यांतील फरक घरच्या घरी ओळखता येतो. विषाणूची सर्दी आठ-दहा दिवसांत आटोपते, अंग दुखते, कणकण येते, शेंबूड पुढे घट्ट व पिवळा होतो. परागाच्या सर्दीत पाणी पातळच राहते, डोळ्यांना खाज सुटते, दुखणे आठवडेच्या आठवडे चालते, आणि माणूस गाव सोडून आठ दिवस दुसरीकडे गेला की बहुधा बरा होतो. एका साध्या वहीत तारीख आणि त्रास लिहून ठेवला तर दोन हंगामांत चित्र स्पष्ट होते, डॉक्टरांनाही ती वही उपयोगी पडते. वर्षभर, विशेषतः अंथरुणात शिंका येत असतील तर गादी-उशीतील धुळीचे सूक्ष्म किडे किंवा भिंतीची ओल व बुरशी यांचा संशय घ्यावा. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, ताप असेल, वजन घटत असेल, तर त्यास ॲलर्जी म्हणून घरी बसू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती आधी करून घ्यावी.

कोणती फुले त्रास देतात, याविषयी आपल्याकडे गैरसमज फार. गुलाब, झेंडू, गुलमोहर यांच्याकडे लोक संशयाने पाहतात. पण रंगीत, सुवासिक फुलांचे पराग जड व चिकट असतात, ते कीटकांनी वाहून न्यावेत अशी निसर्गाची योजना असते. हवेत ते फारसे उडत नाहीत. खरे अपराधी दिसायला अगदी सामान्य : हराळी व इतर गवते, बाजरी-ज्वारी-मका ही पिके (तीही गवतेच), एरंड, रानमाठ. माघ-फाल्गुनात पाने गळालेल्या वावळासारख्या झाडांची पाळी येते. उन्हाळ्यात सावरीचा कापूस उडू लागला की सर्वजण त्याला बोल लावतात, वास्तविक तो बियांचा कापूस असतो, पराग नव्हे.

आपल्या भागात या सर्वांवर ताण करणारे तण म्हणजे गाजरगवत. कोणी काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. गाजरासारखी पाने, वर पांढऱ्या बारीक फुलांचा चांदण्यासारखा सडा. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. पुण्यात आढळलेल्या या तणाची नोंद १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी वनस्पती म्हणून छापून आली. अमेरिकेतून आलेल्या 'पीएल ४८०' च्या गव्हाबरोबर हे बी आले, असे लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत. परंतु त्या गव्हाचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि हे तण तोवर पुण्यात रुजलेले होते. तेव्हा ही हकीकत जशी सांगतात तशी जुळत नाही. असो. आले कसेही असो, पसरले मात्र असे की आज रस्त्याची कड, रेल्वेचा रूळ, शाळेचे मैदान, पडीक शेत, काही सुटलेले नाही. एका रोपापासून दहा हजारांवर बी तयार होते, आणि ओल मिळाली की वर्षातून अनेक वेळा ते उगवते.

या तणाची दोन दुखणी आहेत आणि ती निराळी आहेत, हे आम्हांस उशिरा कळले. कसे कळले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या आधी सभागृहामागचे मैदान साफ करण्यासाठी आम्ही श्रमदान ठेवले. दिवस आश्विनाचे. गाजरगवत कमरेच्या वर वाढलेले आणि ऐन फुलोऱ्यात. वसतिगृहातील मुले, महिला मंडळाच्या भगिनी, आम्ही कार्यकर्ते, सर्वांनी उत्साहाने उघड्या हातांनी ते उपटले, छातीशी धरून ढिगावर टाकले आणि संध्याकाळी तो ढीग पेटवून दिला. मैदान आरशासारखे झाले म्हणून आमचे कौतुकही झाले. रात्री मात्र निम्मी मुले शिंकून शिंकून बेजार. अकरावीतील एका मुलास श्वास घेता येईना, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले, तेथे वाफेच्या यंत्रातून औषध दिल्यावर पहाटे तो सावरला. त्याला दमा आहे हे त्यालाच ठाऊक नव्हते. दरवर्षीची 'सर्दी' एवढेच तो समजत होता. हे झाले परागाचे काम. तिसऱ्या दिवशी दोन भगिनींच्या पापण्या सुजल्या, मान आणि कोपरांच्या आतील बाजूस लाल चट्टे उठून खाज सुटली. हे दुसरे दुखणे. गाजरगवताच्या अंगात, अगदी बारीक लवेतही, पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याची कातडीला ॲलर्जी होते, ती दोन-तीन दिवसांनी उमटते, आणि एकदा शरीराने हट्ट धरला की पुढे नुसत्या वाऱ्यावर उडालेल्या वाळक्या चुऱ्यानेही चेहरा फुलतो. आमची चूक तिहेरी होती : फुलोऱ्यात उपटले, उघड्या हातांनी उपटले, आणि जाळले.

आपल्या समाजातील कितीतरी माणसे हे काम हौसेने नव्हे, पोटासाठी करतात. सफाई खाते, बागखाते, रेल्वेमार्ग, शेतातील खुरपणी. वर्षानुवर्षे मानेवर काळे, जाड, खाजरे चट्टे घेऊन फिरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. खरूज समजून मलम लावतात, घरातील इतरांपासून ताट वेगळे ठेवतात. हा रोग एकाचा दुसऱ्यास लागत नाही. त्यांना मलमाइतकीच हातमोजांची, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याची, आणि आधीच ॲलर्जी जडलेली असेल तर काम बदलून मिळण्याची गरज असते. त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन तशी मागणी लेखी करावी. तोंडी मागणी विसरली जाते.

आता हंगाम सोसायचा कसा. पुस्तकांतील सल्ले वाचले की हसू येते : खिडक्या बंद ठेवा, वातानुकूलित खोलीत राहा, सकाळी बाहेर पडू नका. ज्याला पहाटे पाचला हजेरी लावायची आहे त्याने हे वाचून काय करावे? म्हणून जे आपल्याला जमेल तेवढेच सांगतो. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी पराग जास्त उडतो, सरीनंतर काही काळ हवा धुतलेली असते. जमेल ते बाहेरचे काम तेव्हा उरकावे. बाहेर जाताना नाकावर मास्क बांधावा, २०२० च्या साथीपासून तो घरोघरी आहेच. घरी आल्यावर कपडे बदलून तोंड, डोळे, केस धुवावेत. केसांतील पराग उशीवर आणि उशीवरचा रात्रभर नाकात, असा त्याचा प्रवास असतो. हंगामात कपडे व पांघरुणे गवताच्या मैदानाकडेला वाळत घालू नयेत. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, आणि दिवाळीची जळमटे काढण्याचे काम घरातील ज्याला हा त्रास नाही त्याने घ्यावे.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा स्वस्त व चांगला उपाय होय. पेलाभर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात अर्धा चमचा मीठ घालून जलनेतीच्या भांड्याने किंवा स्वच्छ पिचकारीने नाक धुवावे. पाणी उकळलेलेच हवे, नळाचे थेट नको. वाफाऱ्याने घटकाभर बरे वाटते, परंतु लहान मुलांना उकळत्या भांड्यापुढे बसवू नये, भाजण्याचे प्रसंग घडतात.

गोळ्यांविषयी विद्यार्थ्यांनी नीट वाचावे. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन ही जुनी औषधे शिंका थांबवितात, पण गुंगी आणतात. ब्रिटनमध्ये १५ ते १७ वर्षांच्या सुमारे अठराशे विद्यार्थ्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. हिवाळ्यातील सराव परीक्षा आणि परागाच्या हंगामातील मुख्य परीक्षा यांचे निकाल त्यात ताडून पाहिले होते. परीक्षेच्या वेळी हा त्रास असलेल्यांची श्रेणी घसरण्याची शक्यता इतरांहून सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि गुंगीची गोळी घेणाऱ्यांची सुमारे ७० टक्क्यांनी. आपल्याकडे सहामाही परीक्षा नेमकी गवताच्या फुलोऱ्यात येते आणि दहावी-बारावीची परीक्षा झाडांच्या. तेव्हा "मुलगा अभ्यासाला बसला की पेंगतो" म्हणून रागावण्यापूर्वी त्याच्या खिशातील गोळी कोणती, ते पाहावे. सेटिरिझिनने काहींना थोडी झोप येते, लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन यांनी बहुधा येत नाही. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यावे, फळांच्या रसाने त्याचा गुण कमी होतो. माँटेलुकास्ट असलेल्या जोडगोळ्या हल्ली सर्रास दिल्या जातात. त्या घेताना मुलाची झोप मोडणे, चिडचिड, उदासपणा दिसू लागला तर तत्काळ डॉक्टरांना सांगावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाबाबत २०२० साली याच कारणासाठी कडक इशारा दिला आहे.

नाक वारंवार चोंदणाऱ्यांसाठी सर्वांत गुणकारी औषध म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा. 'स्टेरॉइड' शब्दाने लोक दचकतात, पण त्यातील औषधाची मात्रा फार अल्प असते व बहुतांशी नाकातच काम करते. तो लगेच गुण देत नाही, काही दिवस लागतात, आणि म्हणूनच पुष्कळजण दुसऱ्या दिवशी बाटली फेकून देतात. हंगामापूर्वी दोन आठवडे, डॉक्टरांच्या सल्ल्याने, सुरू केलेला बरा. मान किंचित पुढे झुकवून उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, मधल्या पडद्यापासून दूर रोखून फवारा मारावा. जोरात ओढू नये, नाहीतर औषध घशात जाते.

याउलट, दुकानात मागताच मिळणारे नाक मोकळे करणारे थेंब, ज्यांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असते, ते पाच-सात दिवसांहून अधिक वापरू नयेत. दोन मिनिटांत नाक उघडते खरे, पण सवय लागली की थेंबांवाचून नाक उघडतच नाही. अशी बाटली वर्षानुवर्षे उशाशी घेऊन झोपणारे आमच्या ओळखीत आहेत. 'सीझनचे एकच इंजेक्शन' म्हणून काही ठिकाणी जे देतात, ते बहुधा दीर्घकाळ अंगात राहणाऱ्या स्टेरॉइडचे असते. त्याने रक्तातील साखर वाढते, हाडांवर परिणाम होतो. साध्या शिंकांसाठी ते घेऊ नये. ॲलर्जीची लस ही निराळी गोष्ट होय. लिओनार्ड नून यांनी १९११ साली लंडनला तिची सुरुवात केली. तपासणी करून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सुमारे तीन वर्षे घ्यावी लागते आणि दर वेळी अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते. खर्चिक आहे, पण योग्य रुग्णास उपयोगी.

छातीत कोंडत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, शिट्टी वाजत असेल, तर दुखणे नाकातून छातीत उतरले असे समजावे. इन्हेलरने सवय लागते, ही समजूत चुकीची व घातक आहे. मेलबर्न येथे २१ नोव्हेंबर २०१६ रोजी परागाच्या हंगामात वादळी पाऊस आला. परागकण फुटून त्यांचा अतिसूक्ष्म चुरा हवेत पसरला, हजारो लोकांना श्वास लागला आणि दहाजण दगावले. त्या रात्री दवाखान्यात आलेल्यांपैकी अनेकांना तोवर केवळ 'सर्दी' चा त्रास होता, दमा म्हणून निदान झालेले नव्हते. आमच्या रिक्षातील मुलाची आठवण आम्हांस हे वाचताना झाली.

शेवटी पुन्हा मैदानाकडे येऊ. त्यानंतर आम्ही श्रमदानाची तारीखच बदलली. आता ते ज्येष्ठ-आषाढात, पहिल्या पावसानंतर, जमीन मऊ असताना आणि रोप वीतभर असताना करतो. तेव्हा फूल नसते, पराग नसतो, बी नसते, आणि मूळ सहज निघते. सर्वांना रबरी हातमोजे व नाकाला कापड असते, ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्याकडे चहाचे आणि हिशेबाचे काम. उपटलेले जाळत नाही, खड्ड्यात पुरतो, फूल नसल्याने खतही होते. आषाढात दुसरी फेरी, श्रावणात तिसरी. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळा पेरतो. तो दाट वाढून गाजरगवताला उगवू देत नाही, आणि कोवळा असताना भाजीलाही होतो. पावसाळ्यात पानांवर पांढरट पंखांवर तपकिरी रेघा असलेले लहान भुंगेरे दिसले तर मुलांनी ते मारू नयेत. हे मेक्सिकोतून मुद्दाम आणलेले भुंगेरे असून १९८४ साली बंगळूरला प्रथम सोडण्यात आले. ते गाजरगवताचीच पाने खातात.

तरीही दरवर्षी थोडे उगवतेच, कारण जुने बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते आणि शेजारच्या मोकळ्या भूखंडावर कोणाचेच लक्ष नाही. त्या भूखंडासाठी अर्ज दिलेला आहे. पुढच्या श्रमदानाचा दिवस पहिला पाऊस पडल्यावर फळ्यावर लिहिला जाईल, येताना हातमोजे आणावेत.